धंद्याची आयडिया आहे पण स्वतः करणं शक्य नाही? मग पुढे काय करायचं, पायरी पायरीने

नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या फिया, आईवडिलांचे दवाखाने हे सगळं सांभाळत डोक्यात एखादी धंद्याची आयडिया घेऊन फिरणारे लोक आपल्याकडे प्रचंड आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना मनातून माहीत असतं की आपण काही कारखाना टाकणार नाही, लोन काढणार नाही, ॲप बनवायला पोरं ठेवणार नाही. मग होतं काय की आयडिया कोणालाच न सांगता वर्षानुवर्षं पडून राहते आणि एक दिवस बाजारात तीच वस्तू दिसते, किंवा लग्नाच्या पंगतीत कोणालातरी सगळं सांगून टाकलं जातं आणि घरी आल्यावर चुटपुट लागते की आता याने केली तर? या दोन्हीच्या मधे करण्यासारखं खूप आहे आणि ते फार महागही नाही. पण ते मराठीत एका जागी लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नुसती आयडिया कोणी विकत घेत नाही. आयडियासोबत तुम्ही जे काम केलेलं असतं त्याला पैसे मिळतात, म्हणजे गिऱ्हाईक कोण आणि तो किती द्यायला तयार आहे याची माहिती, एखादा ओबडधोबड पण चालणारा नमुना, पेटंटचा अर्ज, जे काही असेल ते. यातलं बरंचसं काम नोकरी सांभाळून होतं. धंदा उभा करणं तुमच्या आवाक्यात नसेल, पण आयडियाला दुसऱ्याने उचलावं इतपत आणून ठेवणं बहुतेकांच्या आवाक्यात असतं.

सगळं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा तासगावकडच्या एक ताई आहेत, द्राक्षबागेत मजुरीला जातात. फळछाटणीनंतर मणी धरायला लागले की जीएचं डिपिंग असतं, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या मणी वाढवणाऱ्या औषधाचं पाणी मगमध्ये घ्यायचं आणि मांडवाखाली उभं राहून एकेक घड त्यात बुडवायचा. मांडव डोक्याच्या वर, हात दिवसभर वर धरलेला, हातातला मग हेलकावला की द्रावण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, बाहीत जातं, आणि संध्याकाळी खांदा उचलत नाही. ताईंच्या डोक्यात आलं की एक हलका कप असावा, कमरेच्या बाटलीला नळीने जोडलेला, खटका दाबला की भरेल आणि घड बुडवून झाला की उरलेलं परत बाटलीत जाईल. ताईंकडे वर्कशॉप नाही, भांडवल नाही, वेळही नाही. आता त्यांनी काय करायचं?

पायरी 1: थोडे दिवस गप्प राहा आणि एक पान लिहा

रील नको, फेसबुक पोस्ट नको, स्टेटस नको, तालुक्याच्या प्रदर्शनात मांडणं तर अजिबात नको. कारण असं की पेटंट मिळायला गोष्ट नवी लागते, आणि अर्ज करायच्या आधी तुम्ही स्वतःच ती जगजाहीर केली असेल तर तुमच्याच रीलवर बोट ठेवून अर्ज नाकारला जाऊ शकतो. कायद्यात एक-दोन सवलती आहेत, उदाहरणार्थ सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात दाखवलं असेल तर 12 महिने मिळू शकतात, पण आपलं गावचं प्रदर्शन त्यात बसेल या भरवशावर राहू नका.

मग एक पान लिहायचं, मराठीत, हाताने लिहिलं तरी चालेल. त्रास काय आहे, कोणाला आहे, आत्ता लोक कसं भागवतात, तुमचं काय वेगळं आहे, आणि एक चित्र. चित्र वाईट आलं तरी चालेल, बाण काढून नावं लिहा. लिहायला बसलं की डोक्यात न आलेले प्रश्न समोर येतात. ताईंच्याच बाबतीत बघा, 'उरलेलं परत बाटलीत जाईल' असं लिहिलं की लगेच प्रश्न येतो की घडावरची धूळ, वाळलेली फुलं, किडे पण बाटलीत जाणार, मग नळी तुंबणार, मग गाळणी कुठे बसवायची? हा प्रश्न उद्या कारखानदार पहिल्याच मिनिटात विचारतो, त्यामुळे तो आधी आपल्याच घरी निघालेला बरा.

पानावर तारीख टाका, फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा. काही लोक स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ते न उघडता ठेवतात आणि समजतात की हक्क मिळाला. त्याने कसलाही हक्क मिळत नाही, फार तर त्या तारखेला हे तुमच्याकडे होतं एवढा एक पुरावा होतो.

पायरी 2: आयडिया खरंच तुमची आहे का ते बघा

नोकरीत असाल तर अपॉइंटमेंट लेटर बाहेर काढा आणि इन्व्हेन्शन किंवा इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी (आयपी) असं लिहिलेला परिच्छेद वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या लेटरमध्ये असतं की नोकरीच्या काळात कामाशी संबंधित जे सुचेल ते कंपनीचं. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीची मशीन, कंपनीचा डेटा वापरला असेल तर भानगड आणखी वाढते. इंजिनिअरिंगच्या पोरांनी कॉलेजची आयपी पॉलिसी बघावी, विशेषतः प्रोजेक्टमधून निघालेलं असेल तर. हे आता पाच मिनिटांचं काम आहे, सौदा ठरताना निघालं तर सगळंच फिसकटतं.

पायरी 3: आयडियाची जात ओळखा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'आयडियाचं पेटंट' असं काही नसतं. पेटंट मिळतं ते एखाद्या वस्तूला, यंत्राला किंवा प्रक्रियेला, तेही ती नवी असेल, त्या विषयातल्या माणसाला सहज सुचण्यासारखी नसेल आणि उद्योगात वापरता येत असेल तर. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3 मध्ये कशाकशाला पेटंट नाही याची मोठी यादी आहे आणि ती आधी वाचलीत तर पुष्कळ पैसे वाचतात. तिच्यानुसार धंदा करायच्या पद्धतीला पेटंट नाही, नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला नाही, अल्गोरिदमला नाही, शेती किंवा फळबागेच्या पद्धतीला नाही, पारंपरिक ज्ञानाला नाही. माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या एकत्र जोडल्या आणि दोन्ही आपापलंच जुनं काम करत राहिल्या तर तेही नाही.

आता ताईंच्या कपाला हे लावून बघा. 'घड अशा पद्धतीने बुडवावेत' ही शेतीची पद्धत झाली, तिला पेटंट नाही. पण तो कप, त्यातली झडप, परतीची नळी, गाळणी, हे सगळं मिळून जे साधन होतं त्याला मिळू शकतं. तिथेही कोणी म्हणेल की ही तर फवाऱ्याची बाटली आणि पाण्याचा मग, दोन्ही एकत्र बांधलंय, त्यामुळे दोन्ही एकत्र आल्याने नवीन काय घडतं हे दाखवावं लागतं, जसं की परत जाणारं द्रावण गाळून येतं आणि कप ठराविक पातळीच्या वर कधी भरतच नाही.

दुसरीकडे समजा ठाण्यातल्या कोणाला वाटतंय की मुलं परदेशात असलेल्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेणं-आणणं, रिपोर्ट आणणं, मुलांना व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलवून देणं अशी सेवा काढावी. चांगली गरज आहे, पण याला पेटंट नाही. ॲपची आयडिया असेल तर कॉपीराइट मिळतो तो लिहिलेल्या कोडला, मागच्या आयडियाला नाही. हे सुप्रीम कोर्टाने 1978 सालीच आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमध्ये स्पष्ट केलंय की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. नुसता आकार किंवा लूक नवा असेल, म्हणजे बाटलीचा घाट, खुर्चीचा आकार, तर डिझाइन रजिस्ट्रेशन बघा, ते पेटंटपेक्षा सोपं आणि स्वस्त आहे आणि आधी 10 वर्षं, मग वाढवून आणखी 5 वर्षं चालतं. मसाल्याची रेसिपी वगैरे असेल तर ती गुपित ठेवणं हाच मार्ग, आणि आपल्याकडे गुपितांसाठी वेगळा कायदा अजून नाही, लॉ कमिशनने मार्च 2024 च्या अहवालात तसा कायदा सुचवलाय, तोपर्यंत सगळा भार तुमच्या करारावर.

म्हणजे सेवा किंवा ॲपवाल्यांनी पायरी 6, म्हणजे पेटंटचा अर्ज, सोडून द्यायची. तुमच्या बाबतीत आयडियाला किंमत येते ती पहिल्या काही खऱ्या गिऱ्हाइकांमुळे. आपल्याच सोसायटीतल्या चार आजी-आजोबांसाठी दोन महिने रविवारी ही सेवा करून बघितली, किती वेळ लागला, किती पैसे लोकांनी आनंदाने दिले, कुठे अडलं याची वही ठेवली, तर ती वही घेऊन तुम्ही एखाद्या नर्सिंग ब्युरोकडे जाऊ शकता आणि ते ऐकतात.

पायरी 4: आधीच कोणी केलंय का ते शोधा

एक अख्खा रविवार द्या. गुगल पेटंट्स फुकट आहे, भारतीय पेटंट ऑफिसची 'इनपास' नावाची सर्च सिस्टिमही फुकट आहे. शब्द इंग्रजीत टाकावे लागतात, तेवढ्यासाठी कॉलेजला जाणाऱ्या भाच्याला किंवा पुतणीला बसवा, आणि एकाच नावाने शोधू नका, कारण तुमच्या कपाला कोणी 'ॲप्लिकेटर' म्हटलं असेल, कोणी 'इमर्शन डिव्हाइस'. मग यूट्यूब, इंडियामार्ट, ॲमेझॉन, चिनी होलसेल साइट्स. तुमच्यासारखंच काही सापडलं तर लगेच हिरमुसू नका. ते आपल्याकडे का चालत नाही ते बघा. महाग आहे, मांडवाच्या उंचीला जमत नाही, बॅटरी लागते, अशी काही कारणं निघाली तर तुमची आयडिया आता जास्त टोकदार झाली. आणि अगदी हुबेहूब तीच वस्तू कमी किमतीत मिळत असेल तर सोडून द्या, आणि ती वस्तू विकण्याची एजन्सी घेता येते का ते बघा, तोही धंदाच आहे.

पायरी 5: लोकांशी बोला, पण उपाय न सांगता

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. दहा-बारा जणांना भेटा आणि फक्त त्रासाबद्दल विचारा. ताईंनी बागायतदाराला विचारायचं, दादा डिपिंगला एकरी किती मजूर लागतात, उक्तं देता की रोजाने, एकरी द्रावण किती जातं, किती सांडतं, गेल्या हंगामात टोळी वेळेवर मिळाली का. कपाचा विषयही काढायचा नाही. समोरचा मोकळेपणाने बोलतो आणि तुमची आयडियाही तुमच्याकडेच राहते.

यातून काय निघतं बघा. खांदा दुखतो ताईंचा, पण वस्तू विकत घेणार बागायतदार. मजुराचा खांदा वाचतो म्हणून कोणी एकदम पन्नास कप घेईल असं धरून चालू नये, वाईट वाटतं पण खरं आहे. पण जीए सांडायचं थांबलं, घड सारखे भिजले, टोळी दिवसाला जास्त ओळी करायला लागली, तर तो खिशात हात घालतो. म्हणजे आयडिया तीच, पण विकायचा मुद्दा बदलला. किंवा कदाचित घेणारा बागायतदार नसून टोळीचा मुकादम असेल, कारण उक्त्या कामात जेवढं लवकर उरकेल तेवढा त्याचा फायदा. हे टेबलावर बसून कळत नाही.

आणि पुढे वस्तू दाखवायची वेळ आली की लोकांचं 'वा, छान आहे' हे मोजू नका, आपल्याकडे समोरच्याचं मन मोडायचं नाही म्हणून सगळेच छान म्हणतात. 'तयार झालं की मला आधी दे, आत्ता 500 रुपये ठेव' असं कोणी म्हटलं तर ते वहीत लिहा.

पायरी 6: पेटंट होण्यासारखं असेल तर प्रोव्हिजनल अर्ज

पेटंटचं नाव काढलं की लोक लाखांचे आकडे सांगतात, पण सुरुवात प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्जाने होते आणि त्याची सरकारी फी एकट्या माणसासाठी ऑनलाइन 1600 रुपये आहे. यात आविष्काराचं वर्णन आणि चित्रं द्यायची, क्लेम्स, म्हणजे नेमका कशाकशावर हक्क मागताय ते, लिहावे लागत नाहीत. अर्ज केला की तुमची तारीख पक्की होते आणि तिथून 12 महिन्यांत कम्प्लीट, म्हणजे क्लेम्ससकट पूर्ण, अर्ज द्यायचा. हे 12 महिने म्हणजे तुमची लोकांना दाखवत फिरायची मुदत. ऑनलाइन भरायला डिजिटल सिग्नेचर लागते, आणि महाराष्ट्र-गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात, ते अँटॉप हिलला आहे.

एजंट घ्यायचा का? जमत असेल तर घ्या, त्याची फी वेगळी आणि ती माणसागणिक बदलते, दोन-तीन जणांना विचारा आणि नोंदणीकृत पेटंट एजंट आहे का ते तपासा. परवडत नसेल तर प्रोव्हिजनल स्वतः करता येतो, पण मग वर्णनात हात आखडता घेऊ नका. कप प्लास्टिकचा किंवा स्टीलचा, खटका हाताचा किंवा पायाचा, बाटली कमरेला किंवा पाठीवर, जितके प्रकार सुचतात तितके सगळे लिहा, कारण जे प्रोव्हिजनलमध्ये नाही त्याला ती आधीची तारीख मिळत नाही. प्रोव्हिजनल म्हणजे पेटंट नव्हे हेही लक्षात ठेवा, एवढ्यावर कोणाला कोर्टात खेचता येत नाही, ते पेटंट मंजूर झाल्यावरच. पुढे तपासणीची वेगळी फी आहे, एकट्या माणसाला 4000 रुपये, आणि ती मागणी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 31 महिन्यांच्या आत करायची असते. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, दरवर्षीची फी भरत राहिलात तर.

पायरी 7: कोणाकडे जायचं

शेतकरी, मजूर, कारागीर, गृहिणी, विद्यार्थी, म्हणजे ज्यांच्यामागे कुठली संस्था नाही अशांनी सगळ्यात आधी नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा विचार करावा. गांधीनगरला आहे, 2000 साली सुरू झालं, केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याखाली येतं आणि त्यामागे प्राध्यापक अनिल गुप्तांनी उभं केलेलं हनी बी नेटवर्क, म्हणजे सामान्य लोकांच्या शोधांची नोंद ठेवणारं जाळं, आहे. नोंदणीला पैसे नाहीत, साध्या कागदावर लिहून पोस्टाने पाठवता येतं. त्यांना तुमचं पटलं तर ते नमुना सुधारायला मदत करतात, पेटंट तुमच्या नावाने भरतात आणि बनवणारी कंपनी शोधून लायसन्स द्यायचंही बघतात. वेळ लागतो, मधेमधे आपणच विचारत राहावं लागतं, पण ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी याहून मोठी सोय मला माहीत नाही. घरातल्या शाळकरी मुलाची आयडिया असेल तर शाळेमार्फत केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर मानक' योजनेला पाठवा, निवड झाली तर नमुना करायला 10,000 रुपये मिळतात.

इथे दादाजी खोब्रागडेंची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे छोटे शेतकरी, 1983 मध्ये आपल्याच धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या वेगळ्या काढून वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी बारीक दाण्याचं नवं वाण तयार केलं, आणि त्या काळी गाजलेल्या घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडलं. 1994 मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने (पीकेव्ही) प्रयोगासाठी त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि 1998 मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' नावाने वाण बाजारात आलं. मूळ माणसाला ना पैसा मिळाला ना त्या वेळी मान, पुढे नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने 2005 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार दिला तेव्हा कुठे लोकांना नाव कळलं. 2018 मध्ये ते गेले. एवढा मोठा माणूस, लाखो लोकांनी त्यांचा तांदूळ खाल्ला, आणि बियाणं दिलं तेव्हा हातात दोन ओळींचा करार असता तर किती फरक पडला असता. म्हणून कागदाचं मी पुढे एवढं लावून धरतोय.

दुसरा दरवाजा म्हणजे तुमच्या वस्तूशी मिळतीजुळती वस्तू आधीपासून बनवणारा छोटा कारखानदार. मोठ्या कंपनीच्या मागे लागू नका, त्यांच्या वेबसाइटवर बाहेरच्या आयडियांसाठी फॉर्म असतो त्यात बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की तुम्ही पाठवलेलं आम्ही गोपनीय मानणार नाही, पेटंटचा अर्ज केला असेल तरच तिथे पाठवा. त्यापेक्षा नाशिक-पिंपळगाव किंवा सांगली-तासगाव पट्ट्यात द्राक्षाचे ब्लोअर आणि फवारणीचं सामान बनवणारी जी वर्कशॉप्स आहेत ती बरी, त्यांच्याकडे नळ्या, झडपा, मोल्डवाले, आणि मुख्य म्हणजे बागायतदारांची गिऱ्हाइकी आधीच आहे. मालक स्वतः भेटतो. पुण्यात डिसेंबरमध्ये मोशीला किसान प्रदर्शन असतं, तिथे अशा पन्नास जणांचे स्टॉल एका दिवसात बघून होतात, फक्त बघा आणि कार्डं गोळा करा. आणि नमुना झालाच तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला पत्र लिहून विचारा की बघाल का, तिथल्या शास्त्रज्ञाने दोन ओळी चांगल्या लिहिल्या तर कारखानदाराशी बोलताना तुमचं वजन वाढतं.

तिसरा मार्ग पार्टनर. ज्याच्याकडे तुमच्याकडे नसलेली गोष्ट आहे, आयडिया तुमची आणि काम त्याचं. हे चालतं, पण आयडिया माझी म्हणून अर्धा हिस्सा मागितलात आणि नंतर काम काहीच करणार नसाल तर चांगला माणूस टिकत नाही, मग छोटा हिस्सा घ्या आणि निवांत राहा. हिस्सा एकदम द्यायचा नाही, काम होईल तसा दोन-तीन वर्षांत मिळत जाईल असं लिहून घ्या, मित्र असला तरी.

इन्क्युबेटर, म्हणजे नव्या धंद्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्था, आहेत, आयआयटी मुंबईचं साइन, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर, पण ते धंदा करणारा माणूस शोधत असतात. तुम्ही करणारच नसाल तर तिथे पार्टनर भेटायला जा, अनुदानाच्या आशेने नको.

'तुमची आयडिया आम्ही कंपन्यांना विकून देतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा' म्हणणाऱ्यांपासून मात्र लांबच राहा. ज्याला तुमच्या आयडियात दम वाटतो तो विक्रीतून वाटा मागतो.

पायरी 8: भेटायला जाताना

पहिल्या भेटीत त्रास आणि आकडे सांगा, उपायाचा आतला भाग नाही. 'एकरी इतकं द्रावण वाया जातं, इतक्या बागायतदारांशी बोललोय, यावर एक साधन तयार केलंय, पेटंटचा अर्ज केलाय' एवढ्यावर समोरच्याला रस आला तर दुसऱ्या भेटीआधी गोपनीयतेचा करार, म्हणजे एनडीए. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अशा कामांना 100 चा स्टँप चालत नाही, 500 चा लागतो. करार दोन पानांचा पुरे, पण त्यात 'माझी आयडिया' असं मोघम लिहू नका, नेमकी कुठली माहिती दिली ते लिहा आणि तुमचं ते पायरी 1 चं पान, सुधारून, त्याला जोडा.

मोघम नको असं का म्हणतो तेही सांगतो. 2003 मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने मालिकेची संकल्पना विश्वासाने सांगणाऱ्याची बाजू उचलून धरली, कारण संकल्पना लिहिलेली होती, ती नोंदवलेली होती, ती कधी आणि कोणाला सांगितली हे दाखवता आलं. उलट 2021 मध्ये त्याच कोर्टात एका मराठी सिनेमाविरुद्ध आलेल्या केसमध्ये अंतरिम मनाई मिळाली नाही, आणि त्यात कोर्टाने बजावलं की गोपनीय माहिती नेमकी कुठली हे तंतोतंत दाखवावं लागतं. दोन्ही केसेस मनोरंजनातल्या आहेत, पण तत्त्व तुमच्या कपालाही लागू आहे.

समोरचा एनडीएवर सही करायला तयार नसेल तर चिडू नका, छोटा कारखानदार कागदाला घाबरतो. मग भेट झाल्यावर त्याच संध्याकाळी मेल किंवा व्हॉट्सॲप करा: 'आज आपण भेटलो, मी तुम्हाला विश्वासाने अमुक दाखवलं, तुम्ही कोणाला सांगणार नाही असं म्हणालात, धन्यवाद.' आणि त्याचं 'ओके' येऊ द्या. एनडीएइतकं पक्कं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

पायरी 9: सौदा

दोन प्रकार. असाइनमेंट म्हणजे कायमची विक्री, एकरकमी पैसे आणि विषय संपला. लायसन्स म्हणजे मालकी तुमची, बनवायची परवानगी त्याला, आणि दर नगामागे रॉयल्टी. दोन्ही लेखीच लागतात, आणि पेटंट असेल तर पेटंट ऑफिसात नोंदवायचे. तोंडी ठरलेल्याला इथे अर्थ नाही.

रॉयल्टीचा हिशोब कागदावर करून बघा. कप कारखान्यातून 900 रुपयांना बाहेर पडतो, 3 टक्के ठरले, म्हणजे नगामागे 27 रुपये. हंगामात 2000 नग गेले तर 54,000. कोट्यवधी नाहीत, पण ताईंच्या घरी दरवर्षी 54,000 येणं ही मोठी गोष्ट आहे. टक्का 3 की 4 यावर भांडण्यापेक्षा पुढच्या गोष्टींवर अडून बसा: टक्का कुठल्या किमतीवर ते स्पष्ट लिहा, दर तीन महिन्यांनी विक्रीचा आकडा बिलांसह मिळेल असं लिहा, आणि वर्षाला किमान अमुक रक्कम मिळेलच असं लिहा. ती किमान रक्कम फार महत्त्वाची, कारण कारखानदार कधीकधी लायसन्स घेतो आणि कपाटात ठेवतो, जेणेकरून स्पर्धकाला मिळू नये. तसंच एकट्यालाच हक्क देत असाल तर 18 महिन्यांत माल बाजारात आला नाही तर हक्क परत, हे कलम हवंच. आणि वस्तूवर किंवा माहितीपत्रकावर तुमचं नाव येईल असंही लिहून घ्या, त्याला एक रुपया लागत नाही आणि बहुतेक लोक हो म्हणतात. सही करायच्या आधी एकदा वकिलाला दाखवा, सगळ्या प्रवासात वकिलावर एकदाच खर्च करायचा असेल तर तो इथे.

पायरी 10: दहावा महिना आला आणि कोणी घेतलं नाही

प्रोव्हिजनलच्या तारखेपासून दहाव्या महिन्याला मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेवा, कारण 12 महिने उलटले की अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. तेव्हा परिस्थिती बघून ठरवा. कोणीतरी गंभीरपणे बोलतंय, नमुना मागतंय, तर कम्प्लीट अर्ज भरा आणि तो मात्र एजंटकडूनच करून घ्या. बोलणी नुसती लांबतायत आणि पैसेही नाहीत, तर अर्ज तसाच संपू द्या. कम्प्लीट न भरलेला प्रोव्हिजनल प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे तुम्ही बाहेर कुठे जाहीर केलं नसेल तर पुढे पुन्हा नवा अर्ज करता येतो, फक्त जुनी तारीख जाते आणि मधल्या काळात दुसऱ्याने केला तर तो पुढे.

आणि तुमचा पैशाचा विचारच संपला असेल, फक्त ही गोष्ट कोणीतरी करावी असं वाटत असेल, तर ती उघडपणे लोकांना देऊन टाका, हा अगदी सन्मानाचा मार्ग आहे. ॲग्रोवनसारख्या दैनिकाला चित्रासकट लिहून पाठवा, यूट्यूबवर व्हिडिओ टाका, मापं द्या, गाळणी कुठे बसवायची तेही सांगा. एकदा तारखेसह जाहीर झालं की दुसऱ्या कोणालाही त्याच गोष्टीवर पेटंट मागून ती अडवून ठेवता येऊ नये. गावोगावचे फिटर आपापल्या परीने कप बनवतील, कोणी वाईट बनवेल, कोणी तुमच्याहून चांगला बनवेल, आणि लेखाखाली ताईंचं नाव आणि गाव छापलेलं असेल एवढं मात्र पाठवतानाच संपादकांना सांगून ठेवा.